थांबा, परत सांगा, फोन ठेवू नका : फोनवरचं आज्ञार्थी स्पॅनिश

(या भागाचा लेखी मजकूर. अडखळणं आणि पाणी प्यायला थांबलेलं तेवढं काढलंय, बाकी बोलले तसंच ठेवलंय. स्पॅनिश शब्द कानाला जसे ऐकू येतात तसे देवनागरीत लिहिलेत.)

मालवणहून बोलतेय. बाहेर पाऊस आहे, त्यामुळे मागे कौलांवरचा आवाज येत राहील, त्याला इलाज नाही. आज आपण स्पॅनिशमधला आज्ञार्थ बघणार आहोत. पण पुस्तकात असतो तसा 'दार उघड, खिडकी लाव' हा आज्ञार्थ नाही. फोनवरचा. सिमकार्ड घेताना, रिचार्ज संपल्यावर, वायफाय बंद पडल्यावर, कस्टमर केअरला फोन लावल्यावर जो ऐकावा लागतो आणि बोलावा लागतो, तो.

हा विषय का घेतला ते आधी सांगते, कारण त्यात माझी चूक आहे.

माझा मावसभाऊ क्रूझवर आहे. किचनमध्ये कामाला. आपल्या सिंधुदुर्गातून आणि गोव्यातून किती मुलं जहाजावर जातात ते तुम्हाला माहीत आहे, बऱ्याच वाड्यांत एखादं घर तरी असतंच. जायच्या आधी महिनाभर तो माझ्याकडे स्पॅनिश शिकायला यायचा. मी पुण्यात सात वर्षं एका कंपनीत स्पॅनिशमधून फोन घ्यायचं काम केलंय, तेव्हा घरातली स्पॅनिशवाली मी. मी त्याला काय शिकवलं? 'ओला', 'ग्रासियास', 'पोर फावोर', 'सी सेन्योर', 'सी सेन्योरा'. नम्र, गोड, हसतमुख स्पॅनिश. पाहुण्यांसमोर उभं राहायला पुरेल एवढं.

त्याचं जहाज बार्सिलोनाला लागलं होतं, चार तासांची सुट्टी. प्रीपेड सिममधला डेटा संपलेला. इकडे दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीचं पित्ताशयाचं ऑपरेशन, आणि तिला आत जाण्याआधी एकदा त्याचं तोंड बघायचं होतं. म्हणून त्याने कस्टमर केअरला फोन लावला. पलीकडून बाई बोलायला लागली, भराभर. हा दर वाक्याला म्हणतोय, 'सी.' ती थांबली की 'सी.' शेवटी 'ग्रासियास' म्हणून फोन ठेवला. पाहतो तर शिल्लक शून्य. त्याला हवा होता डेटा, आणि तिने त्याला स्पेनमधल्या स्पेनमध्ये बोलण्याचा पॅक चालू करून दिला होता. तिने विचारलं होतं, याने होकार दिला होता. तिची तरी काय चूक म्हणायची? जहाजावर परतायची वेळ झाली, व्हिडिओ कॉल काही झाला नाही. ऑपरेशन नीट झालं, मावशी बरी आहे. पण रात्री जहाजावरून त्याचा फोन आला तेव्हा तो म्हणाला, "ताई, 'सी' म्हणाक शिकवलंस तू माका. 'थांब' म्हणाक नाय शिकवलंस."

ते माझ्या मनातून जात नाही. म्हणून हा भाग.

तर पहिला शब्द तोच. एस्पेरे. थांबा. 'एस्पेरेमे' नाही, नुसतं एस्पेरे. जोडीला हवं तर 'उन मोमेन्तो'. एस्पेरे उन मोमेन्तो, पोर फावोर. एक क्षण थांबा. माझ्यामागून म्हणा. पुन्हा.

दुसरा, रेपिता. परत सांगा. तिसरा, आब्ले मास देस्पासिओ. हळू बोला. इथे लक्षात घ्या, लिहिताना सुरुवातीला इंग्रजी एच आहे, पण स्पॅनिशमध्ये एच मुका. 'हाब्ले' म्हणालात तर गाडी तिथेच अडते. आणि चौथा शब्द तुम्हाला येतोच, नो. तो वापरायची लाज वाटते एवढंच. आपल्याला परक्या भाषेत 'नाही' म्हणणं म्हणजे उद्धटपणा वाटतो, आणि 'हो' म्हणणं म्हणजे भाषा येते असं वाटतं. माझ्या मते नवशिक्याचे सगळ्यात जास्त पैसे या एका गैरसमजात जातात.

या चार गोष्टी पक्क्या झाल्याशिवाय पुढचं ऐकू नका. खरंच, इथे थांबवा आणि चार-पाच वेळा मोठ्याने म्हणा. एस्पेरे. रेपिता. आब्ले मास देस्पासिओ. नो.

झालं? आता थोडं व्याकरण. घाबरू नका, आपल्याला हे सोपं जातं, आणि का ते सांगते.

एस्पेरे कुठून आलं? मूळ क्रियापद 'एस्पेरार', थांबणं, वाट बघणं. शेवट 'आर'. 'तो थांबतो' म्हणजे 'एस्पेरा'. आणि 'थांबा' म्हणजे 'एस्पेरे'. शेवटच्या आ चा ए झाला. आता 'रेपेतीर', परत सांगणं. शेवट 'ईर'. 'तो परत सांगतो' म्हणजे 'रेपिते'. आणि 'परत सांगा' म्हणजे 'रेपिता'. इथे ए चा आ झाला. म्हणजे आदराने आज्ञा करायची तर स्वर उलटा करायचा. आर-वाल्यांना ए, एर आणि ईर-वाल्यांना आ. आब्लार, आब्ले. एस्क्रिबीर, म्हणजे लिहिणं, एस्क्रिबा. पागार, पागे.

हे 'पागार' ऐकलंत ना? पैसे देणं. आपला 'पगार' पोर्तुगीजांकडून आला आणि पोर्तुगीजमध्येही तो शब्द 'पागार'च. स्पॅनिश आणि पोर्तुगीज या शेजारणी, त्यामुळे कोकणातल्या माणसाला स्पॅनिश वाचताना मध्येच घरचं भांडं दिसल्यासारखं होतं. 'चावी' घ्या. पोर्तुगीज 'शावे'पासून आपली चावी. त्याच लॅटिन शब्दापासून स्पॅनिशमध्ये दोन शब्द झाले, कुलपाची ती 'यावे' आणि पासवर्ड किंवा गुप्त आकडा तो 'क्लावे'. तेव्हा हॉटेलात कोणी 'क्लावे देल वीफी' म्हणालं तर ते वायफायची चावीच सांगतायत. हो, वीफी. स्पेनमध्ये वायफायला वीफी म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं समोरचा माणूस बायकोचं नाव सांगतोय. स्पेनमध्ये पासवर्डला 'कोन्त्रासेन्या' जास्त चालतं, तेही ऐकून ठेवा.

परत आज्ञार्थाकडे. हा स्वर उलटा का होतो? कारण 'एस्पेरे' हा मुळात हुकूम नाहीच. ते इच्छेचं रूप आहे, 'आपण थांबावं' असं. आणि 'तुम्ही' साठीचा स्पॅनिश शब्द 'उस्तेद', तो आला 'वुएस्त्रा मेर्सेद' या जुन्या संबोधनातून. म्हणजे 'आपली कृपा', 'आपली मेहेरबानी' असं काहीतरी. समोरच्याला थेट 'तू' न म्हणता त्याच्या कृपेला उद्देशून बोलायचं, म्हणून क्रियापद तृतीयपुरुषी. आता मला सांगा, हे आपल्याला नवीन आहे का? 'साहेबांनी बसावं.' 'महाराजांनी भोजनास यावं.' देवळाबाहेरची पाटी, 'चपला येथे काढाव्यात.' सरकारी कार्यालयातली पाटी, 'वाहने उभी करू नयेत.' मराठीला 'थांब' आणि 'थांबा' असताना आपण 'थांबावे' कशाला काढलं? तोच मामला. इंग्रजीतून स्पॅनिश शिकणाऱ्याला हे रूप समजावता समजावता मास्तरांचा घसा बसतो, आणि आपल्याला एसटी स्टँडवरची पाटी दाखवली की काम झालं.

आता 'तू' वाली आज्ञा वेगळी. 'थांब' म्हणजे 'एस्पेरा'. नकारात मात्र ती बदलते, 'नो एस्पेरेस'. 'तुम्ही'ची आज्ञा बदलत नाही. एस्पेरे, नो एस्पेरे. म्हणून मी म्हणते, बोलायला फक्त उस्तेद शिका. एकच रूप, होकारातही तेच, नकारातही तेच, आणि कोणाचा अपमान होण्याची भीती नाही. ऐकायला मात्र दोन्ही ओळखा. स्पेनमधल्या बऱ्याच कंपन्या आता ग्राहकाला 'तू' म्हणतात, मेसेजमध्ये आणि फोनवरही. 'एस्पेरा' ऐकलंत तर रागावू नका, तिकडे ती सलगी असते. मालवणीत 'बस रे मेल्या' म्हटलं म्हणून कोणी उठून जातो का?

काही क्रियापदं या नियमात बसत नाहीत. त्यांतली फोनवर लागणारी दोन आजच घ्या. सांगणं, 'देसीर', त्याचं 'दिगा'. लावणं-ठेवणं, 'पोनेर', त्याचं 'पोंगा'. आणि त्यांना 'मला' जोडायचं असेल तर मागे 'मे' चिकटवायचं. दीगामे, मला सांगा. पोंगामे कोन, मला अमक्याशी जोडून द्या. पण नकार आला की हा 'मे' पुढे पळतो. 'कोब्रार' म्हणजे पैसे आकारणं. नो मे कोब्रे, माझ्याकडून पैसे कापू नका. हे वाक्य माझ्या भावाने आता वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

'दीगामे'ची एक गंमत. स्पेनमध्ये फोन उचलल्यावर 'हॅलो' म्हणत नाहीत, 'दिगा' किंवा 'दीगामे' म्हणतात. बोला! आपल्याकडे नाही का, दुकानदार फोन उचलून नुसतं म्हणतो, 'बोला'? अगदी तेच. मेक्सिकोत 'बुएनो' म्हणतात. आणि मेक्सिकोत नीट ऐकू आलं नाही तर 'काय?' असं विचारत नाहीत, ते उद्धट वाटतं. 'मान्दे?' म्हणतात. शब्दशः, आज्ञा करा! नोकरीच्या पहिल्या आठवड्यात एका आजींनी मला 'मान्दे?' विचारलं आणि मला वाटलं, या मला माझ्या वरिष्ठांकडे जायला सांगतायत. मी कॉल ट्रान्सफर केला. वरिष्ठ हसून हसून दमले.

त्या कामाचं थोडं सांगते, कारण आज्ञार्थ मी खरा तिथे शिकले. आमच्याकडे बहुतेक फोन मेक्सिकोतून यायचे. मेक्सिको सिटी आपल्या साडेअकरा तास मागे, म्हणजे त्यांची दुपार ती आमची मध्यरात्र. इंटरनेट बंद पडलं, बिल जास्त आलं, असे फोन. आम्हाला शिकवलं होतं की ग्राहकाला थेट आज्ञा करायची नाही. 'आपण राउटर बंद करू शकाल का?' असं विचारायचं. पण व्हायचं काय, की पलीकडची म्हातारी माणसं म्हणायची, 'हो, करू शकेन,' आणि काहीच करायची नाहीत. प्रश्नाला उत्तर दिलं ना त्यांनी! मग मी हळूहळू स्क्रिप्ट सोडली. 'सेन्योरा, आपागे एल रोउतेर.' राउटर बंद करा. आणि लगेच बंद व्हायचा. स्पष्ट आज्ञेत एक दिलासा असतो, निदान भांबावलेल्या माणसाला तरी. हे मला कुठल्या प्रशिक्षणात कोणी सांगितलं नव्हतं.

तर राउटरचा सगळा संवाद घेऊ, हा तुम्हाला घरभाड्याच्या खोलीत, हॉटेलात, कुठेही ऐकावा लागेल.

आपागे एल रोउतेर, राउटर बंद करा. देसेन्चूफे, प्लग काढा. एस्पेरे त्रेइन्ता सेगुन्दोस, तीस सेकंद थांबा. बुएल्बा आ एन्चूफार, परत प्लग लावा. 'बुएल्बा आ' म्हणजे 'पुन्हा करा', त्याच्यापुढे कुठलंही क्रियापद लावता येतं. एन्सिएन्दा, चालू करा. स्पेनमध्ये हाच शब्द 'एन्थिएन्दा' असा ऐकू येईल, तिथे जिभेचं टोक दातांत येतं. फीखेसे एन ला लूस, दिव्याकडे लक्ष द्या. मग विचारतील, 'रोखा' की 'वेर्दे', लाल की हिरवा? आणि 'पार्पादेआ' का, म्हणजे लुकलुकतोय का?

हे तीस सेकंद का, ते मला बरेच ग्राहक विचारायचे, रागाने. राउटरच्या आत कपॅसिटर असतात, प्लग काढल्यावरही त्यांच्यात थोडी वीज राहते. ती उतरायला काही सेकंद लागतात. घाई करून लगेच लावलं तर आतली मेमरी पुसली जात नाही आणि अडकलेलं तसंच अडकून राहतं. म्हणून मोजून थांबायचं. मी ग्राहकांबरोबर मोजायचे, उनो, दोस, त्रेस... कित्येक जण मोजता मोजता घरच्या गोष्टी सांगायचे.

मग 2020 मध्ये मी घरी आले, मालवणला, आणि इथूनच काम करायला लागले. पुढच्या वर्षी, 2021 च्या मे महिन्यात, तौक्ते वादळ आलं. ज्यांनी ते इथे काढलं त्यांना वेगळं सांगायला नको. माड पडले, खांब पडले, तारा रस्त्यावर. आमच्या वाडीत आठ दिवस वीज नव्हती, मोबाईलला रेंज नाही. मी हेडफोन गळ्यात घालून बसलेली, सात वर्षं लोकांना 'एन्सिएन्दा' सांगणारी बाई, आणि चालू करायला काही नाहीच. तिसऱ्या दिवशी कुडाळच्या बाजूला एका उंचवट्यावर रेंज आली तेव्हा पहिला फोन लावला कस्टमर केअरला. मशीन म्हणालं, मराठीसाठी अमुक दाबा. दाबलं. मग तमुक दाबा. दाबलं. मग 'कृपया प्रतीक्षा करा', मग संगीत, मग फोन कट. ओळीच्या दुसऱ्या टोकाला किती एकटं वाटतं ते मला तेव्हा कळलं. नोकरी त्यानंतर वर्षभरात सोडली, पण ते कारण नव्हे. तो वेगळा विषय.

मशीनचं निघालंच आहे तर ते बघू. 'दाबा' साठी स्पेनमध्ये पुल्से. पुल्से उनो, एक दाबा. मेक्सिको आणि पलीकडच्या देशांत मार्के किंवा ओप्रीमा. हॅशचं जे बटण आहे ना, आडव्या-उभ्या रेघांचं, त्याला स्पेनमध्ये 'आल्मोआदीया' म्हणतात, म्हणजे छोटी उशी. मेक्सिकोत त्यालाच 'गातो' म्हणतात, मांजर! कारण त्यांच्याकडे फुली-गोळ्याच्या खेळाला गातो म्हणतात आणि ते चिन्ह त्या घरांसारखं दिसतं. तेव्हा मशीन 'मांजर दाबा' म्हणालं तर इकडे तिकडे बघू नका.

इन्त्रोदूस्का सू पिन, तुमचा पिन टाका. मान्तेंगासे आ ला एस्पेरा, प्रतीक्षेत राहा. नो क्वेल्गे, फोन ठेवू नका. या 'नो क्वेल्गे'कडे मी परत येणार आहे.

माणूस लाइनवर आला की नाव विचारणार. इथे आपली खरी पंचाईत होते. स्पेनमध्ये प्रत्येकाला दोन आडनावं असतात, पहिलं सहसा वडिलांकडचं, दुसरं आईकडचं. आणि 2007 च्या कायद्यापासून तिथे प्रीपेड सिमसुद्धा ओळखपत्राशिवाय मिळत नाही, आपल्याला पासपोर्ट दाखवावा लागतो. दुकानातला मुलगा पासपोर्टवर बघतो तीन शब्द, तुमचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. तो काय करतो? वडिलांचं नाव पहिलं आडनाव म्हणून टाकतो आणि खरं आडनाव दुसरं. सहा महिन्यांनी तुम्ही फोन करता तेव्हा नाव जुळत नाही, आणि समोरची बाई म्हणते, हे सिम तुमचं नाही. तेव्हा दुकानातच सांगा, नो तेंगो सेगुन्दो आपेयीदो, मला दुसरं आडनाव नाही. आणि एस्क्रिबा आसी, असं लिहा, म्हणून पासपोर्टवर बोट ठेवा. सही करायला सांगतील, फिर्मे आकी, इथे सही करा. तेव्हा कोणता शब्द आठवायचा? एस्पेरे. नाव तपासा, मग सही.

देलेत्रेए, पोर फावोर, म्हणजे अक्षरं सांगा. समजा आडनाव गावडे. इंग्रजी जी म्हणजे 'खे'. ए म्हणजे 'आ'. डब्ल्यू म्हणजे 'ऊवे दोब्ले'. परत आ. मग 'दे'. मग 'ए'. खे, आ, ऊवे दोब्ले, आ, दे, ए. परब असाल तर शेवटी 'बे दे बार्सेलोना', बार्सिलोनाचा ब, असं सांगा. कारण स्पॅनिश कानाला ब आणि व सारखेच. 'व' सांगायचा तर 'ऊवे दे वालेन्सिआ'. आपली आडनावं स्पष्ट ऐकू जातील असं समजू नका, मी सात वर्षं माझं आडनाव सांगून थकले, शेवटी नुसतं पहिलं नाव सांगायला लागले.

ईमेल सांगताना अॅटच्या खुणेला 'अर्रोबा' म्हणायचं. हे मूळ वजनाचं माप, साधारण साडेअकरा किलो. अरबीतल्या 'पाव भाग' अशा अर्थाच्या शब्दावरून आलेलं. व्यापारी लोक ते खूण करून लिहायचे आणि तीच खूण कम्प्युटरवर येऊन बसली. म्हणजे आपण अॅटला 'मण' म्हणावं तसं.

आता 'नो क्वेल्गे'.

हे वाक्य मी दिवसातून पन्नास वेळा म्हणायचे. फोन ठेवू नका, मी तपासून सांगते. साधं, मदतीचं वाक्य. पण गेल्या काही वर्षांत आपल्याकडे 'डिजिटल अरेस्ट'चे जे फोन येतात, त्यातलं मुख्य वाक्य कोणतं? 'कॉल कट करू नका.' 'कॅमेरा बंद करू नका.' 'घरात कोणाला सांगू नका.' सगळे आज्ञार्थ. सगळे नकारार्थी. कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची गोष्टच नाही, पण माणूस तासन् तास बसून राहतो, कारण कोणीतरी ठाम आवाजात आज्ञा करतंय. आणि मी तुम्हाला आत्ताच सांगितलं की भांबावलेला माणूस स्पष्ट आज्ञा ऐकतो. मी ते लोकांच्या राउटरसाठी वापरलं. ते दुसरे लोक त्यांच्या बँक खात्यासाठी वापरतात. तंत्र एकच आहे. हे बोलायला बरं वाटत नाही, पण आहे तसं आहे.

परक्या देशात, परक्या भाषेत तर हे दुप्पट. कारण तिथे तुम्ही आधीच आज्ञा पाळायच्या तयारीत असता. शब्द कळला याचाच एवढा आनंद होतो की पाळावा की नाही हा विचार मागे पडतो. 'पुल्से', दाबलं. 'दीगामे एल कोदिगो', कोड सांगा, सांगितला! म्हणून दोन वाक्यं. एक, नो दिगा आ नादिए सू कोदिगो, तुमचा कोड कोणालाही सांगू नका. हे बँकांच्या मेसेजमध्ये लिहिलेलं असतं, ओळखा. दुसरं वाक्य म्हणजे एकच शब्द, क्वेल्गे. फोन ठेवा. 'नो क्वेल्गे'मधला 'नो' काढलात की झालं. ही आज्ञा समोरच्याला द्यायची नाही, स्वतःला द्यायची.

असा फोन आला तर स्पेनमध्ये सायबर मदतीसाठी 017 हा नंबर आहे, फुकट. आपल्याकडे 1930. आणि 112 हा आणीबाणीचा नंबर तिकडेही चालतो आणि इकडेही, तेवढा एक तरी लक्षात ठेवायला सोपा.

सराव कसा करायचा ते सांगून संपवते. वही घ्या, दोन भाग करा. डावीकडे ते आपल्याला ज्या आज्ञा देतील त्या, पुल्से, एस्क्रिबा, देसेन्चूफे, फिर्मे. या फक्त कानाला ओळखू आल्या तरी पुरे. उजवीकडे आपण ज्या देऊ त्या, एस्पेरे, रेपिता, आब्ले मास देस्पासिओ, दीगामे, नो मे कोब्रे, पोंगामे कोन. या तोंडपाठ हव्यात, झोपेतून उठवलं तरी यायला हव्यात. उजवी बाजू आधी. मी भावाला शिकवताना फक्त डावी बाजू आणि 'ग्रासियास' दिलं होतं.

एकट्याने वाचून येणार नाही. दोघं बसा, पाठीला पाठ लावून, म्हणजे चेहरा दिसणार नाही. फोनवर चेहरा नसतोच. एकाने भराभर काहीही बोलायचं, अगदी मालवणीतही चालेल, आणि दुसऱ्याने त्याला मध्येच तोडून 'एस्पेरे' म्हणायचं. मावशीने आणि मी हे केलं, भाऊ सुट्टीवर आला होता तेव्हा. मावशी बोलायला बसली की कोणाला मध्ये तोडू देत नाही, त्यामुळे सराव फार चांगला झाला. तिसऱ्या की चौथ्या खेपेला त्याचा 'एस्पेरे' जरा मोठ्याने निघाला आणि ती खरंच थांबली. मग विचारते, "शिव्या देतंस काय रे माका?"

पुढच्या भागात आकडे घेऊ. स्पेनमधले फोन नंबर नऊ आकडी असतात आणि ते तीन, दोन, दोन, दोन असे तोडून सांगतात, त्यामुळे दहा आकडे एका दमात सांगायची आपली सवय तिथे चालत नाही. वही आणि पेन घेऊन बसा. पाऊस वाढलाय, लाइट कधीही जाईल, त्याआधी हे अपलोड करते.